उलटा खांदा

मार्च 1893, पॅरिस. ज्यूल-एमिल पेआं या सर्जनसमोर 37 वर्षांचा एक पाववाला होता. क्षयाने त्याच्या खांद्याचं हाड पोखरलं होतं. हात कापून टाकणं हा त्या काळचा खात्रीचा उपाय, पण त्याने नकार दिला. पीठ मळणाऱ्या माणसाचा हात गेला की धंदाही गेला.

मग पेआं यांनी एका दंतवैद्याने घडवलेला कृत्रिम सांधा त्याच्या खांद्यात बसवला. दांडा प्लॅटिनमचा, गोळा पॅराफिनमध्ये उकळून कडक केलेल्या रबराचा. एक्स-रेचा शोध लागायला अजून दोन वर्षं होती आणि क्षयावर औषध यायला जवळपास अर्धं शतक. जंतुसंसर्ग हटेना, म्हणून साधारण दोन वर्षांनी तो सांधा काढावा लागला. पण खांदा बदलण्याच्या इतिहासाची सुरुवात इथूनच मोजतात.

हा इतिहास मला आधी मटेरियलचा वाटला होता: रबर गेलं, मिश्रधातू आले, पॉलिथिलीन आलं. इंजिनिअरला असंच दिसतं. पण वाचत गेलो तसं कळलं, की खांद्याचा प्रश्न मुळात धातूचा नाहीच. शाळेत आपण ‘उखळीचा सांधा’ शिकतो. खुब्याची उखळ खरंच खोल असते. खांद्याची मात्र बशीइतकी उथळ. त्या बशीत गोळा धरून ठेवतात ते भोवतालचे चार स्नायू, म्हणजे रोटेटर कफ. म्हणून तर आपला हात इतक्या दिशांना फिरतो आणि म्हणूनच खांदा इतक्या सहज निखळतो.

1950च्या दशकात न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी तुकडे झालेल्या हाडाच्या जागी व्हायटॅलियम या मिश्रधातूचा गोळा बसवायला सुरुवात केली. 1974 साली त्यांनी संधिवाताने झिजलेल्या खांद्यांबद्दल लिहिलं. त्यात प्लॅस्टिकची बशीही आली होती. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो 1975 सालचा लेख. तो त्यांनी एम. ह्यूज यांच्यासोबत फिजिओथेरपीच्या नियतकालिकात लिहिला आणि विषय होता ऑपरेशननंतरचा व्यायाम. सांधा सर्जन बसवतो, पण तो चालवायचा स्नायूंनी. ज्यांचे स्नायूच कामातून गेलेत, अशा रुग्णांसाठी नीअर यांनी ‘मर्यादित उद्दिष्टं’ असा वेगळा गटच केला होता. दुखणं थांबावं, रोजची कामं व्हावीत. त्यापुढचं वचन नाही.

माझी आजी याच गटात बसली असती. वय 74, उजवा खांदा झिजलेला, कफ कधीचाच फाटलेला. कफ नसला की डेल्टॉइड हा वरचा मोठा स्नायू हात उचलायला जातो, पण गोळा फिरण्याऐवजी नुसता वर सरकतो. तिथे साधा कृत्रिम सांधा बसवूनही हात वर जाईलच असं नाही.

यावरचं उत्तर फ्रान्समधल्या दिजों शहरात निघालं. 1985 साली पॉल ग्रामों यांनी रचनाच उलटी केली: गोळा बशीच्या जागी, बशी दंडाच्या हाडावर. उलट्या सांध्याचे प्रयोग आधीही झाले होते, पण त्यांत फिरण्याचा केंद्रबिंदू हाडापासून दूर पडायचा आणि जोड सैल व्हायचा. ग्रामों यांनी तो बिंदू आत, हाडापाशी नेला आणि खालीही आणला. त्यामुळे डेल्टॉइड ताणला गेला, त्याची तरफ लांबली आणि कफचं बरंचसं काम तो एकटा करू लागला. मोडलेला भाग दुरुस्त होत नाही ना, मग त्याच्याशिवाय चालेल असं डिझाइन करा. मला हे फार आवडलं.

आजीला हाच सांधा बसवला. आधी काही आठवडे हात झोळीत. मग दुसऱ्याने तिचा हात हलवायचा. मग कप्पीची दोरी, भिंतीवर बोटं चढवणं. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर एका दिवसात बदललं, ड्रायव्हर लिहायला सहा महिने लागले. आज ती स्वतःचे केस विंचरते, फडताळातला वरचा डबा काढते, दोरीवर कपडे वाळत घालते.

पण आजी नऊवारी नेसते. कासोटा मागे खोचायचा तर हात पाठीशी वळावा लागतो, आणि या उलट्या सांध्यात नेमकी तीच हालचाल अनेकांची पूर्ण परत येत नाही. फाइलमध्ये तिचा हात किती अंश वर जातो ते लिहिलंय. कासोट्याचा रकाना नाही.

म्हणून घरात कुणाचं हे ऑपरेशन ठरलं, तर डॉक्टरांना ‘हात किती वर जाईल’ एवढंच विचारू नका. त्या हाताने रोज काय करायचंय, त्याची यादी करून न्या आणि एकेक काम विचारा. पाववाल्याला पीठ मळायचं होतं. आजीच्या यादीत कासोटा पहिला आला असता. सध्या ती तो डाव्या हाताने खोचायला शिकतेय. वेळ लागतो, पण मदतीला कुणाला बोलवत नाही.