खोटी अवतरणे, खरे राजकारण

जयंती, संविधान दिन, महापरिनिर्वाण दिन जवळ आला की मोबाईलवर सुविचारांचा पाऊस सुरू होतो. एका बाजूला थोर माणसाचा फोटो, दुसऱ्या बाजूला दोन चटकदार ओळी, खाली नाव. फोटो खरा आणि नाव खरे, म्हणून ओळीही खऱ्याच असणार, असे धरून आपण त्या पुढे पाठवतो. हे वाक्य त्या माणसाने कधी, कुठे म्हटले, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. विचारणाऱ्याला उत्तर मिळते, "विचार चांगला आहे ना? मग कोणी का म्हटले असेना!"

आम्हाला हे उत्तर मान्य नाही. ज्या समाजाचे श्रम दुसऱ्यांच्या नावावर जमा झाले, ज्याचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, त्या समाजाने तरी "कोणी का म्हटले असेना" असे म्हणू नये. चुकीच्या नावावर गेलेले वाक्य ही केवळ गंमत किंवा विसरभोळेपणा नसतो. त्यातून कोणाचे तरी श्रेय जाते आणि कोणाचा तरी डाव साधतो. चार उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण चळवळीतल्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. ते आधी दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात आणि शेवटी तुम्ही जिंकता, अशा अर्थाचे वाक्य गांधीजींच्या नावाने जगभर फिरते. त्यांच्या लेखनात ते सापडत नाही. या वाक्याशी सर्वांत जवळचा जुना छापील मजकूर सापडतो तो १९१८ सालचा. अमेरिकेतल्या कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेचे अधिवेशन बाल्टिमोरमध्ये भरले होते. तिथे निकोलस क्लाइन या कामगार चळवळीतल्या वक्त्याने ही मांडणी केली आणि ती अधिवेशनाच्या अहवालात छापली गेली. शिलाई कामगारांपुढचे ते भाषण विसरले गेले आणि वाक्य महात्म्याच्या खात्यावर जमा झाले.

एवढेच नाही, वाक्याचा शेवटही बदलला. क्लाइनच्या भाषणात शेवटची पायरी "तुम्ही जिंकता" ही नाही. ते आधी दुर्लक्ष करतात, मग टिंगल करतात, मग हल्ला करून जाळायला निघतात आणि मग तुमची स्मारके उभारतात, असा त्याचा क्रम आहे. हा शेवट आपल्याइतका दुसऱ्या कोणाला कळणार? ज्यांनी हयातभर बाबासाहेबांना विरोध केला, त्यांचेच वारस आज त्यांच्या पुतळ्याला हार घालायला रांगेत पुढे असतात. स्मारक उभे राहणे म्हणजे जिंकणे नव्हे. मूळ भाषणातला हा इशारा आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही, पोहोचला तो गुळगुळीत केलेला दिलासा.

दुसरे उदाहरण व्होल्टेअरचे. तुमचे म्हणणे मला पटत नाही, पण ते म्हणण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण पणाला लावीन, या आशयाचे वाक्य अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या प्रत्येक परिसंवादात व्होल्टेअरच्या नावाने ऐकू येते. व्होल्टेअर १७७८ मध्ये वारला. हे वाक्य छापले गेले १९०६ मध्ये, एव्हलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेच्या पुस्तकात. ती एस. जी. टॅलेंटायर या टोपणनावाने लिहीत असे. व्होल्टेअरची भूमिका समजावून सांगताना तिने स्वतःच्या शब्दांत हे वाक्य लिहिले आणि शब्द आपले आहेत हे पुढे मान्यही केले. तरी वाक्य राहिले व्होल्टेअरचेच. कामगाराचे वाक्य महात्म्याकडे गेले, बाईचे वाक्य तत्त्ववेत्त्याकडे गेले. नावाजलेल्या माणसाकडे शब्द आपोआप वाहत जातात आणि ज्याचे नाव नाही त्याच्या हाती काहीच उरत नाही. श्रमाच्या बाबतीत हा न्याय आपल्याला ठाऊक आहे. शब्दांच्या बाबतीतही तोच चालतो.

तिसरे उदाहरण जास्त धोक्याचे आहे, कारण इथे व्होल्टेअरचे नाव विष लपवायला वापरले गेले आहे. तुमच्यावर राज्य कोण करते हे जाणायचे असेल, तर कोणावर टीका करायला बंदी आहे ते शोधा, अशा अर्थाचे वाक्य आपल्याकडचे पुरोगामी तरुणही हौसेने शेअर करतात. व्यवस्थेविरुद्ध बोलणाऱ्याला ते आपलेच वाटते. पण ते व्होल्टेअरचे नाही. त्याचा उगम केविन स्ट्रॉम या अमेरिकन निओ-नाझीच्या १९९३ सालच्या मजकुरात आहे आणि त्याचा रोख ज्यू लोकांवर होता.

आता ते वाक्य पुन्हा वाचा. त्याचे तर्कशास्त्र असे, की ज्याच्याविरुद्ध बोलल्यावर अडचण होते, तोच सत्ताधारी. म्हणजे ज्या समूहाला द्वेषापासून कायद्याचे संरक्षण मिळाले, तोच खरा राज्यकर्ता! हा युक्तिवाद आपण कुठे ऐकला आहे? १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याविरुद्ध ऐकला आहे. "यांच्याविरुद्ध ब्र काढता येत नाही, म्हणजे राज्य यांचेच आहे" हे चावडीवरचे आणि समाजमाध्यमांवरचे बोलणे त्याच साच्यातले आहे. गावात पाणवठ्यावर, मिरवणुकीत, स्मशानात ज्याला आजही अडवले जाते त्याला राज्यकर्ता ठरवणारे हे तर्कशास्त्र आपणच फोटो लावून पुढे पाठवायचे? उगम विचारला असता तर हा घोटाळा झाला नसता.

चौथे उदाहरण आपल्या देशातले. लॉर्ड मेकॉले हा आपल्या काळचा नावाजलेला लेखक आणि इतिहासकार. त्याच्या नावाने एक उतारा फिरतो. मी हिंदुस्थानभर फिरलो, मला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, इथली संपत्ती आणि नीतिमत्ता अशी उच्च आहे की इथले प्राचीन शिक्षण आणि संस्कृती मोडल्याशिवाय हा देश जिंकता येणार नाही, असा त्याचा आशय. २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत केलेले भाषण म्हणून तो सांगितला जातो.

त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच. तो १८३४ मध्ये हिंदुस्थानात आला, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सदस्य म्हणून कलकत्त्यात काम करत होता आणि १८३८ मध्ये परतला. २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख त्याच्या शिक्षणविषयक टिपणीची आहे. ती टिपणी उपलब्ध आहे आणि तिच्यात हा उतारा नाही. उलट इथल्या संस्कृत आणि अरबी विद्येबद्दल तिच्यात उघड तुच्छता आहे. जो माणूस इथल्या विद्येला कवडीची किंमत देत नव्हता, त्याच्याच तोंडी तिची आरती घातली गेली.

ही आरती कोणाच्या उपयोगाची? उताऱ्यातला हिंदुस्थान सुखी, संपन्न, नीतिमान आहे. त्यात अस्पृश्य नाहीत. १८३५ म्हणजे पेशवाई बुडून जेमतेम सतरा वर्षे झाली होती. त्या पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन' मध्ये नोंदवले आहे. गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेणारा कायदा कंपनी सरकारला १८४३ मध्ये करावा लागला. सगळे सुखी होते तर गुलाम कोण होते? ज्या प्राचीन शिक्षणाचे गोडवे हा उतारा गातो, त्याची दारे शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना बंद होती. खोट्या उताऱ्याने एका फटक्यात हे सगळे पुसले जाते आणि सगळा दोष एका इंग्रजावर जातो.

याचा अर्थ खरा मेकॉले आपला मुक्तिदाता होता, असेही आम्ही म्हणत नाही. आपल्यातले काहीजण त्याला तसे मानतात. पण त्या टिपणीत मूठभरांना इंग्रजी शिकवून मधला वर्ग तयार करायचा आणि ज्ञान वरून खाली झिरपू द्यायचे, असे धोरण होते. ते झिरपले का? १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमके हेच मांडले, की शेतसारा रयत भरते आणि त्यातून शिकतात ते वरच्या वर्गातले. त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. मेकॉलेची खरी चिकित्सा ही आहे आणि ती फुल्यांनी केली आहे. बनावट उताऱ्याच्या गोंगाटात ती ऐकू येत नाही.

आता आपल्या घरात पाहू. बाबासाहेबांच्या नावाने रोज नवी वाक्ये जन्माला येतात. त्यातली काही प्रेमाने रचलेली असतात, काही विरोधकांनी आपला मुद्दा बाबासाहेबांच्या तोंडून वदवून घेण्यासाठी रचलेली असतात. प्रेमाने रचलेल्या खोट्या वाक्यांची आपल्याला सवय लागली, की कपटाने रचलेली ओळखण्याची ताकद आपण घालवून बसतो. शिक्षणाला वाघिणीचे दूध म्हणणारे वाक्य त्यांच्या नावाने सर्वत्र दिसते, पण त्याखाली भाषणाची तारीख किंवा खंडाचा क्रमांक सहसा नसतो. वाघिणीच्या दुधाची उपमा तर इंग्रजी भाषेसंदर्भात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावानेही सांगितली जाते!

जे निःसंशय त्यांचे आहे तेही आपण नीट जपत नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत त्यांनी दिलेल्या इंग्रजी संदेशाचा क्रम 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ' असा होता. आपल्या भिंतींवर मात्र "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" असे लिहिलेले असते. शिकल्यानंतर मन पेटणे आणि पेटलेल्या मनांची संघटना होणे, हा क्रम उलटला तर अर्थ बदलतो. मने पेटण्याआधीच बांधलेल्या संघटना कशा फुटतात, याचा अनुभव आपल्याला कमी नाही.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणातला काही भाग वगळायला सांगितला होता. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे कळवून त्यांनी परिषदेवर पाणी सोडले आणि भाषण स्वखर्चाने छापले. ज्या माणसाने स्वल्पविरामासाठी व्यासपीठ सोडले, त्याच्या तोंडी आपण अख्खी वाक्ये घालायची?

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला एक शिस्त लावावी, असे आमचे म्हणणे आहे. वाक्य पुढे पाठवण्याआधी ग्रंथ, पान किंवा भाषणाची तारीख विचारा. वाक्य पहिल्यांदा छापले गेले तेव्हा तो माणूस जिवंत होता का, ते पाहा. तो त्या दिवशी त्या गावात होता का, ते तपासा. आणि वाक्य खोटे निघाले तर तिथेच न थांबता, ते कोणाच्या फायद्याचे होते हेही शोधा. बाबासाहेबांच्या बाबतीत तर सबबच नाही. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने काढलेले लेखन आणि भाषणांचे खंड आज मोबाईलवरही वाचता येतात.

केसपुत्तच्या कालामांना बुद्धाने परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही मानू नका असे सांगितले. हा उपदेशही पोस्टरवर "बुद्धीला पटले तरच माना" एवढाच उरतो. मूळ सुत्तात नुसता तर्कही पुरेसा मानलेला नाही. ही गोष्ट आचरली तर अहित होते की हित, हे स्वतः तपासून जाणा, असे तिथे सांगितले आहे. पोस्टर सोडून सुत्त वाचले तरच हे कळते. पुढच्या जयंतीला दहा पोस्टर पाठवण्याऐवजी खंडातले एक पान वाचू, आणि त्या पानाच्या क्रमांकासह एकच वाक्य पाठवू.

जय भीम!