कविता ऐकणारी माणसं

"आता कविता वाचतं कोण?" असं कुणी विचारलं की मी आधी रानडे भवनाबद्दल सांगते. सांताक्रूझ पूर्वेला, कलिन्याच्या विद्यानगरीत ही इमारत आहे. मुंबई विद्यापीठाचा मराठी विभाग तिथेच. न्यायमूर्ती रानडे हे 1859 साली या विद्यापीठाची पहिली मॅट्रिक पास झालेल्या 21 जणांपैकी एक. पुढे थोड्याच वर्षांत विद्यापीठाने पदवीच्या अभ्यासातून देशी भाषा काढून टाकल्या. त्या परत याव्यात म्हणून रानडे अखेरपर्यंत झटले, आणि 1901 मध्ये ते गेले त्या सुमाराला एम.ए.ला मराठीची वाट मोकळी झाली. इतकी वर्षं विद्यापीठाला मराठी कविता नको होती. म्हणून ती काही थांबली नाही. कीर्तनात, भजनात, जात्यावर, तमाशाच्या फडात ती चालूच राहिली, कारण तिला ऐकणारा पुरत होता.

मी वाकोल्यात राहते. एम.ए. रानडे भवनातच केलं आणि पुढे निवृत्तीपर्यंत इथल्या शाळेत मराठी शिकवलं. कवितासंग्रहाच्या किती प्रती खपल्या यावर कवितेची तब्येत ठरवतात, ते मला कधी पटलं नाही. आपल्याकडे कविता छापील पानावर फार उशिरा पोचली, आणि पोचल्यावरही सभेत येणं तिने सोडलं नाही.

1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश हे त्यातले ठळक कवी. त्यांनी कविता चालीवर म्हणायची प्रथा रुजवली आणि गावोगाव काव्यगायनाला माणसं जमू लागली. स्वातंत्र्यानंतर वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी चाल बाजूला ठेवली. ते गात नसत, वाचत. फरक साधा वाटतो, पण त्यामुळे गळा नसलेल्या कवितेलाही व्यासपीठ मिळालं. तिघे मिळून कित्येक वर्षं महाराष्ट्रभर हिंडले. मी त्यांना ऐकलं ते शाळकरी वयात, उपनगरातल्या एका पटांगणात, सतरंजीवर वडिलांशेजारी बसून. बापट राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेले, त्यामुळे समोरचा जमाव कसा हाताळायचा हे त्यांना नेमकं ठाऊक. विंदांचा आवाज खणखणीत, एकेक व्यंजन ठोकून बसवलेलं. पाडगावकर जाड भिंगांच्या चष्म्यातून समोर बघत मधेच थांबायचे आणि त्या थांबण्यात सगळं पटांगण श्वास धरून बसायचं. समोर होती ती मस्टरवर सही करून लोकलने परतलेली माणसं. त्यातल्या किती जणांच्या घरी कवितेचं पुस्तक होतं? आमच्या घरी एकही नव्हतं. तरी त्या रात्री घरी येताना वडील वाटभर ओळी आठवत होते, चुकत होते, परत जुळवत होते.

या लोकप्रियतेला दुसरी बाजू आहे आणि ती मला तितकीच जवळची आहे. मर्ढेकरांच्या 'काही कविता' 1947 साली आल्या, त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले. ती कविता टाळ्यांसाठी थांबत नाही. एकट्याने, पुन्हा पुन्हा वाचावी लागते. 1950 च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. मग अशोक शहाण्यांचं 'असो' आलं. अंक थोडे, वाचणारे त्याहून थोडे, पण आजची मराठी कविता बरीचशी त्या कागदांवर उभी आहे. भालचंद्र नेमाडे अनियतकालिकांच्या या चळवळीतलेच.

आणि इथे मला आमच्या विद्यापीठाचा अभिमान वाटतो. 1974 पासून बापट विद्यापीठाच्या गुरुदेव टागोर अध्यासनावर प्राध्यापक होते. पुढे त्याच अध्यासनावर नेमाडे आले आणि 1998 मध्ये तिथूनच निवृत्त झाले. सभा जिंकणारा कवी आणि सभेकडे पाठ फिरवणाऱ्या पिढीतला कवी, दोघांनाही एकच खुर्ची मिळाली. मला हा योगायोग वाटत नाही. मराठी कवितेला दोन्ही लागतात.

तिसरा प्रवाह विद्यापीठाच्या फाटकाबाहेर वाहतो. 14 एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, वाकोल्यात, गोळीबारच्या वस्तीत संध्याकाळी वामनदादा कर्डकांची गाणी लागतात. वामनदादा गिरणीत राबलेले, अक्षरओळख मोठेपणी झालेली. माझ्या वर्गात पाठ्यपुस्तकातली कविता अडखळत वाचणारी मुलं जयंतीला त्यांची लांबलचक रचना अडखळल्याशिवाय म्हणत. ते ऐकल्यावर मी शिकवायची रीत बदलली. अर्थ विचारायच्या आधी अख्ख्या वर्गाने कविता मोठ्याने म्हणायची. मर्ढेकरांची असेल तर मी दोनदा वाचायची: पहिल्यांदा मुलं नुसती ऐकत, दुसऱ्यांदा शेवटच्या बाकावरचंही कुणीतरी मान वर करून बघे.

आजच्या कवीला काय कमी पडतं? लिहिणाऱ्यांची वाण नाही. मोबाइलवर रोज कविता येतात, त्यातल्या काही खरोखर चांगल्या असतात, आणि बोटाच्या एका फटकाऱ्यात वर सरकून जातात. कमी पडतो तो तासभर एका जागी बसून ऐकणारा समूह, जो आधीच्या पिढ्यांनी सतरंज्या घालून घडवला होता. आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा असतो, पाककृती स्पर्धा असते, लहान मुलांचे नाच असतात. यंदा मंडळाकडे मी एक संध्याकाळ मागितली आहे. दोन कवी बोलवायचे, एक सभेत रमणारा आणि एक कागदावर रमणारा, दोघांना सारखं मानधन. दुसऱ्याला मी आधीच सांगणार आहे की प्रत्येक कविता दोनदा वाचा. सेक्रेटरींनी माइकवाल्याला विचारून सांगतो म्हटलं आहे.