लष्करची लू आणि कोरडे डोळे

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या फौजेचा तळ कायम केला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले, तेव्हापासून दक्षिणेतून येऊन तेथे वसलेल्या मराठी कुटुंबांना ज्या गोष्टी सोसाव्या लागल्या, त्यांत वैशाख-ज्येष्ठातली लू अग्रगण्य होय. अशा हवेत डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे ही तक्रार सहजच वाऱ्याच्या खाती जमा होते.

सुश्रुताची दृष्टी अधिक खोल होती. उत्तरतंत्रात वर्णिलेल्या ७६ नेत्ररोगांतील शुष्काक्षिपाकात, जेथे पापण्या रुक्ष व कठीण होऊन डोळा उघडणे कष्टाचे होते, त्याने मूळ मानले ते वाताला. आणि सांधे धरणाराही वातच. डोळ्यांच्या कोरडेपणाबरोबर सांधेही धरणारा आजचा रोग तो हाच, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि डोळ्याच्या पीडेचा उगम सर्व देहात शोधणारी ती बुद्धी मला वंदनीय वाटते.

माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत १८९९ मध्ये लष्करात जयारोग्य रुग्णालय उभे राहिले, त्याच वर्षी स्वीडनमध्ये हेन्रिक श्योग्रेन जन्मला. या नेत्रवैद्याने १९३३ च्या प्रबंधात कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रियांची हकिकत मांडली. त्यांतील १३ जणींना संधिवात होता. परीक्षकांनी तो प्रबंध अध्यापकपदास अपुरा ठरवला, हा त्याच्यावर झालेला अन्यायच म्हटला पाहिजे. १९४३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि विषय जगापुढे आला. ग्वाल्हेरात गजराराजे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते त्यानंतर तीन वर्षांनी, १९४६ मध्ये.

श्योग्रेनने वर्णिलेल्या या रोगात देहाच्या रक्षणार्थ नेमलेल्या पेशीच अश्रू व लाळ निर्माण करणाऱ्या ग्रंथींवर उलटतात, हा कार्यकारणभाव पुढील दशकांत उलगडला. आमवात आणि ल्युपस या व्याधींतही डोळे असेच कोरडे पडू शकतात, आणि या विकारांत स्त्रियांचे प्रमाण पुष्कळ अधिक असते. शिर्मरने १९०३ मध्ये सांगितलेली परीक्षा आजही चालते: खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटे थांबायचे, ओल पाच मिलिमीटरांपर्यंतही पोचली नाही, तर अश्रू फार कमी आहेत असे समजतात.

म्हणून ग्वाल्हेरकर भगिनींना आग्रहाचे सांगणे इतकेच, की श्रावणातल्या दमट हवेतही डोळे खुपत असतील, पाण्याच्या घोटाशिवाय पोळीचा घास उतरत नसेल आणि सकाळी बोटे आखडत असतील, तर लूला दोष देत बसू नये. नेत्रवैद्याला सांध्यांचे दुखणे आणि संधिवाताच्या वैद्याला डोळ्यांचे दुखणे आपण होऊन सांगावे.