वीस इंची चाकांची गोष्ट



गेल्या महिन्यात आमच्या घरी एक प्रश्न उभा राहिला. कन्येने (वय वर्षे सात) मैत्रिणीबरोबर जाऊन बीएमएक्सची शर्यत पाहिली आणि "बाबा, मला पण" सुरू झालं. बायकोचं म्हणणं, "दात आपोआप पडताहेत, मुद्दाम पाडायची गरज नाही." :-) मी पडलो इंजिनियर. निर्णय घ्यायच्या आधी इतिहास वाचत बसायची खोड. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. वीस इंची चाकं, एकच गिअर, फक्त मागचा ब्रेक. मातीचे उंचवटे आणि उतरती वळणं असलेला तीन-चारशे मीटरचा ट्रॅक, एका वेळी आठ जण, आणि मोठ्यांची शर्यत चाळीसेक सेकंदांत खलास. चहा ओतेपर्यंत निकाल लागलेला असतो.

मला सगळ्यात गंमत वाटली ती याची की हा खेळ मोठ्या माणसांनी काढलेलाच नाही. श्विन कंपनीने १९६३ साली स्टिंग-रे नावाची छोटी सायकल काढली. कॅलिफोर्नियातल्या पोरांना तेव्हा मोटोक्रॉसचं वेड होतं, पण मोटरसायकल कोण देणार? मग तोंडाने इंजिनाचा आवाज काढत पोरं ह्याच सायकली मातीत पिदडायला लागली. १९६९ च्या जुलैत लॉस एंजेलिसच्या पाम्स पार्कमध्ये मुलांच्या शर्यती सुरू झाल्या. नोव्हेंबर १९७० मध्ये लाँग बीचला स्कॉट ब्राइटहॉप्ट नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने मोकळ्या जागेत स्वतःच शर्यत भरवली. प्रवेश फी पाव डॉलर, आणि आपण जिंकलेल्या मोटरसायकलच्या ट्रॉफ्या त्याने बक्षीस म्हणून वाटल्या! पुढच्याच वर्षी 'ऑन एनी संडे' हा मोटरसायकलींवरचा माहितीपट आला. त्याच्या सुरुवातीलाच सायकलवर धुडगूस घालणारी पोरं दिसतात. ते पाहून देशभर लोण पसरलं.

पोरांचा खेळ चांगला चालला की मोठी माणसं नियमावली घेऊन येतात. १९७४ साली फ्लोरिडात एनबीएल निघाली, १९७७ साली ॲरिझोनात एबीए. दोन संघटना, दोन गुणपद्धती, दोन राष्ट्रीय विजेते. आपल्या महाराष्ट्र मंडळांचा अनुभव असलेल्यांना जास्त सांगायला नको. :-) हे भांडण मिटून यूएसए बीएमएक्स ही एकच संघटना व्हायला २०११ साल उजाडलं. तोवर जग पुढे गेलं होतं. पहिली जागतिक स्पर्धा १९८२ साली ओहायोच्या डेटनमध्ये झाली, आणि २००८ साली बीजिंगला खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला. तिथे पहिलं सुवर्ण कुणाला? लॅटव्हियाच्या मारिस श्ट्रॉम्बर्ग्सला आणि फ्रान्सच्या ॲन-कॅरोलिन शॉसाँला. ज्या देशात खेळ जन्मला त्याला सुवर्णासाठी २०१६ पर्यंत थांबावं लागलं. रिओत कॉनर फील्ड्सने ते मिळवलं.

आता आपल्या टेक्सासकडे येतो. ह्यूस्टनला जाताना आय-४५ वर कॉनरो लागतं, आपण सगळे तिथून भुर्रकन निघून जातो. तिथला काइल बेनेट २००२, २००३ आणि २००७ असा तीनदा जगज्जेता झाला. बीजिंगला उपांत्यपूर्व फेरीत पडून त्याचा खांदा निखळला, तरी गडी पुढची फेरी खेळला. अंतिम फेरी मात्र हुकली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये कॉनरोमध्येच मोटार अपघातात तो गेला, वय तेहेतीस. माझ्याहून लहान. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

बायकोची भीती काही खोटी नाही. तोच कॉनर फील्ड्स २०२१ साली टोकियोत उपांत्य फेरीत असा आपटला की मेंदूत रक्तस्राव झाला. वाचला, पण परत शर्यतीत उतरला नाही. आणि ज्या ब्राइटहॉप्टने तेराव्या वर्षी हे सगळं उभं केलं, तो २०१५ साली कॅलिफोर्नियात एका रिकाम्या प्लॉटवरच्या तंबूत मृतावस्थेत सापडला. व्यसनांनी त्याला पोखरलं होतं. कोट्यवधींचा धंदा उभा राहिला, तो मात्र बाहेर राहिला.

मग मुलीला पाठवायचं कशाला? त्याचंही उत्तर इतिहासातच मिळालं. रिओनंतर ब्रिटनमध्ये मुलींच्या बीएमएक्सचा सरकारी निधी बंद झाला, फक्त मुलांचा चालू राहिला. बेथनी श्रायव्हरने शाळेत मदतनिसाची नोकरी केली, लोकांकडून वर्गणी जमवली, आणि टोकियोत सुवर्ण घेऊन आली. हिशोब मांडणारे चुकले, मुलगी चुकली नाही.

दुसरं असं की या खेळाची शिडी फार छान आहे. पाच वर्षांचं पोर आणि चाळिशीतले काका एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर. नवशिका, मधला, तरबेज असे गट. ठराविक शर्यती जिंकल्या की वरची पायरी. जागतिक स्पर्धेतसुद्धा त्याच आठवड्यात, त्याच ठिकाणी छोट्यांच्या शर्यती होतात. आणि गेट पडायच्या आधी यंत्र मुद्दाम कमी-जास्त थांबतं, आधीच अंदाज बांधून कुणी निसटू नये म्हणून. रँडम नंबरचा इतका चांगला उपयोग मी नोकरीतही पाहिला नाही.

माझं लहानपण सांगलीतलं. तासावर भाड्याची सायकल, कैची मारत शिकलो, गुडघे फोडले आणि आईपासून लपवले. मुंबई-पुणे सायकल शर्यत १९४५ पासूनची. बोरघाटात जो पहिला तो 'घाटांचा राजा'. म्हणजे सायकलीचं वेड आपल्याला नवं नाही. पण ऑलिंपिकच्या बीएमएक्स शर्यतीत आजवर एकही भारतीय उतरलेला नाही. मातीची कमतरता म्हणून नव्हे. पोरांनी काढलेल्या खेळाला आपण खेळ मानत नाही, 'उनाडक्या' म्हणतो. प्लेनोत येऊनसुद्धा आपली शनिवारची गाडी गणिताच्या क्लासकडेच वळते, माझीसुद्धा.

असो. परवा आम्ही तिघं डॅलसच्या पलीकडे एका ट्रॅकवर गेलो. तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट, हातमोजे, लांब बाह्या, सगळं बायकोने स्वतः तपासलं. पहिल्याच वळणावर कन्या पडली. आम्ही दोघं कुंपणाकडे धावलो. तेवढ्यात ती उठली, सायकल उचलली आणि शेवटून पहिली आली. मागून येणारी पोरं तिच्यासाठी ओरडत होती, तिचं नावही माहीत नसताना. बायको एवढंच म्हणाली, "गणिताचा क्लास रविवारी मिळतो का बघ."

इथल्या आसपासच्या कुणाची मुलं जात असतील तर जरूर लिहा. शनिवारी गाडीत दोन जागा रिकाम्या असतात.

कळावे, लोभ असावा.
आपला,
एक प्लेनोकर