टीम घडवत गेले, क्लब बंद होत गेले : फुटबॉल कोच डेरिक परेरा यांची गोष्ट

भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की कोलकाता, गोवा, केरळ, मणिपूर अशी नावं येतात. महाराष्ट्राचं नाव सहसा कोणी घेत नाही. पण २००५-०६ च्या मोसमात देशातली सगळ्यात मोठी फुटबॉल लीग मुंबईच्या एका टीमनं जिंकली होती. टीमचं नाव महिंद्रा युनायटेड आणि कोच होते डेरिक परेरा.

चारच वर्षांनी ही टीम बंद झाली. परेरांनी सांभाळलेल्या टीमवर अशी वेळ येण्याची ही शेवटची खेप नव्हती.

डेरिक परेरा कोण आहेत?

परेरा मूळचे गोव्याचे, जन्म १९६२ चा. खेळाडू म्हणून ते डिफेंडर होते. आपल्याकडच्या मैदानी भाषेत सांगायचं तर स्टॉपर. वास्कोच्या साळगावकर क्लबकडून ते खेळले आणि भारताच्या टीममध्येही पोहोचले.

१९८० च्या दशकात साळगावकर म्हणजे गोव्याची मोठी ताकद होती. १९८८ मध्ये फेडरेशन कप जिंकणारा हा गोव्याचा पहिला क्लब ठरला आणि १९८९ मध्ये त्यांनी तो पुन्हा जिंकला. तोवर या कपवर कोलकात्याच्या क्लबांचा दबदबा होता.

स्टॉपर कोच म्हणून का चालतो?

स्टॉपर सगळ्यात मागे उभा असतो, त्यामुळे जवळपास सगळं मैदान त्याला समोर दिसतं. बॅकलाइन कधी पुढे न्यायची, कोणी कोणाला मार्क करायचं, कुठे मोकळी जागा पडली आहे, हे तो नव्वद मिनिटं ओरडून सांगत असतो. म्हणजे अर्धं कोचिंग तो खेळतानाच करतो. शिवाय त्याची चूक झाली की थेट गोल बसतो, त्यामुळे आधी शिस्त आणि मग बाकीचं, ही सवय अंगी लागते.

मुंबईत एकाच मोसमात दोन कप

परेरांच्या हाताखाली महिंद्रा युनायटेडनं २००५ चा फेडरेशन कप जिंकला आणि त्याच मोसमात नॅशनल फुटबॉल लीगही. पुढे २००७ मध्ये याच लीगची आय-लीग झाली. कोलकात्याच्या ईस्ट बंगालला मागे टाकत मिळवलेलं हे विजेतेपद महाराष्ट्रातल्या क्लबचं पहिलं राष्ट्रीय लीग विजेतेपद होतं. त्यानंतर मुंबईला असा दिवस पाहायला थेट २०२१ उजाडलं. तेव्हा मुंबई सिटी एफसीनं आयएसएल जिंकली.

२००७ मध्ये महिंद्राची टीम आशियातल्या एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. २००९ मध्ये परेरा पुण्याला गेले आणि २०१० मध्ये कंपनीनं टीम बंद केली.

मग पुण्यात काय झालं?

पुणे एफसी हा २००७ मध्ये सुरू झालेला नवा क्लब होता. २००९-१० मध्ये तो पहिल्यांदाच आय-लीगमध्ये उतरला आणि परेरांच्या टीमनं थेट तिसरा नंबर मिळवला. २०१२-१३ मध्ये हीच टीम दुसरी आली, पुढे फक्त चर्चिल ब्रदर्स होते. क्लबची अकादमीही चांगली चालत होती. केरळच्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन याच अकादमीत तयार झाला आणि २०१९ च्या एशियन कपमध्ये भारताकडून खेळला.

पण २०१४-१५ हा पुणे एफसीचा आय-लीगमधला शेवटचा मोसम ठरला. अकादमी एफसी पुणे सिटीनं घेतली आणि २०१९ मध्ये तो क्लबही संपला.

यादी इथेच थांबत नाही

२०१३ मध्ये परेरा आपल्या जुन्या साळगावकरकडे कोच म्हणून परतले आणि २०१४ मध्ये टीमनं ड्युरंड कप जिंकला. २०१६ मध्ये साळगावकरनं आय-लीगमधून माघार घेतली.

मधल्या काळात परेरा पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सकडे आले होते. २०१५-१६ मध्ये ही टीम तळाला राहिली, पण थेट प्रवेशाच्या अटींमुळे खालच्या लीगमध्ये गेली नाही. २०१७ मध्ये तीही आय-लीगबाहेर पडली.

क्लब बंद का पडत होते?

कारण सरळ आहे. यातल्या बहुतेक टीम एखाद्या कंपनीच्या किंवा उद्योगसमूहाच्या पैशांवर चालत. तिकीटविक्री आणि टीव्हीतून मिळणारं उत्पन्न खर्चाच्या मानानं तुटपुंजं होतं. त्यामुळे मालकांचा विचार बदलला की टीम गुंडाळली जायची, मग ती कितव्याही नंबरवर असो.

त्यात २०१४ मध्ये आयएसएल आली आणि पैसा, प्रेक्षक, टीव्ही सगळं तिकडे वळलं. २०१६ मध्ये फुटबॉल महासंघानं आयएसएलला अव्वल लीग करण्याचा आराखडा मांडला. आपण आपोआप दुसऱ्या पायरीवर जाणार हे दिसल्यावर साळगावकरसह गोव्यातल्या क्लबांनी आय-लीग सोडली.

आयएसएलची खुर्ची

आयएसएलमध्ये मुख्य कोच परदेशी आणि भारतीय माणूस त्याचा सहायक, ही रीतच पडली होती. परेरा २०१७ मध्ये एफसी गोवाशी जोडले गेले. २०१९ मध्ये त्यांनी भारताच्या २३ वर्षांखालील टीमचं कोचिंगही केलं. एफसी गोवाच्या मुख्य कोचची जबाबदारी मात्र डिसेंबर २०२१ मध्ये आली, तीही स्पॅनिश कोच हुआन फेरांडो मोसमाच्या मध्यात एटीके मोहन बागानला निघून गेल्यावर. गोवा त्या मोसमात नववा राहिला. पुढच्या मोसमासाठी क्लबनं पुन्हा स्पॅनिश कोच आणला, कार्लोस पेन्या.

त्याच मोसमात खालिद जमील नॉर्थईस्ट युनायटेडकडे आयएसएलचे पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य कोच झाले होते. जमील हे महिंद्रा युनायटेडचे जुने खेळाडू. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताचे मुख्य कोच झाले. सावियो मदेरा यांच्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी ही जबाबदारी भारतीय माणसाकडे आली. मदेराही साळगावकरचेच.

मग उरलं काय?

परेरांनी महाराष्ट्रातल्या तीन क्लबांना कोचिंग दिलं. त्यातला एकही आज देशाच्या अव्वल लीगमध्ये नाही. आयएसएलमध्ये राज्याची एकच टीम आहे, मुंबई सिटी. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत एखादा पोरगा चांगला स्टॉपर निघाला, तर राज्यातल्या राज्यात अव्वल लीगचं दुसरं दार त्याच्यासाठी नाही.

कोच चार-पाच वर्षांत टीम उभी करू शकतो, हे परेरांनी मुंबईत आणि पुण्यात करून दाखवलं. ती टिकवणं मात्र कोचच्या हातात नसतं.