गाटूनचं पाणी चढताना

हलू नका. होडी म्हणजे एकच खोड कोरून केलेली डोण आहे, जरा कललात तरी उलटेल. साल १९१३, ऑक्टोबर, पनामा. जूनच्या अखेरीस गाटूनच्या धरणाचे दरवाजे बंद झाले आणि चाग्रेस नदी जंगलात शिरली. वल्हं खाली घातलंत तर तळ लागत नाही, बुडालेल्या झाडाचा शेंडा लागतो.

समोर सेक्रोपियाचं झाड. बेचक्यात हिरवट गाठोडं. तुम्हाला आधी ते वाळवीचं घर वाटतं. मग गाठोड्याची मान वळते, वळतच राहते आणि खांद्यावरून तोंड तुमच्याकडे येतं. तुमच्या मानेत सात मणके, जिराफाच्याही सातच. या तीन नख्यांच्या स्लॉथच्या मानेत बहुधा नऊ.

आणखी जवळ या. पाठीवर केशरी डाग आणि त्यात काळी रेघ, म्हणजे नर. केसांचा भांग मात्र पोटावर पडलेला! बराचसा जन्म उलटं लटकण्यात जातो, तेव्हा पाऊस पोटाकडून पाठीकडे निथळायला हवा ना. केसांच्या भेगांत शेवाळ धरलंय, आणि तो अंग खाजवतो तसे त्यातून बारके पतंग सुरसुरत बाहेर येतात.

"पेरेसोसो," होडीवाला हसून म्हणतो. स्पॅनिशमध्ये आळशी. मला हे नाव कधीच पटलं नाही. पानांत सत्त्व थोडं, ती पचायला कित्येक दिवस. मिळकतच इतकी, म्हणून खर्च हात आखडून. अंगातली ऊबसुद्धा थोडीफार उन्हाकडून उसनी घेतलेली. तुटपुंज्या पगारात महिना काढणाऱ्या बाईला कुणी आळशी म्हणतं का?

आता तो उतरू लागतो. एक पाय, बराच वेळ काही नाही, मग दुसरा. आठवड्यातून साधारण एकदा तो असा खाली येतो, फक्त शौचाला. बुंध्याशी शेपटीच्या खुंटानं खळगा उकरायचा, काम उरकायचं, वर पाला लोटायचा. पतंग त्याच विष्ठेत अंडी घालतात. जग्वारनं गाठलं तर मात्र पळायची सोय नाही.

आज मागचा पाय खाली येतो आणि पाण्यात बुडतो. जमीन नाही. पाय वर. पुन्हा खाली. पुन्हा पाणी. तुम्ही श्वास धरून बसलेले.

तेवढ्यात पलीकडच्या टेकडीवरून किंचाळी येते. मादीची. ब्राझीलकडे तुपी भाषेत या प्राण्याचं नावच 'अई', त्याच्या ओरडण्यावरून पडलेलं. तुमच्या मराठी कानाला ते सरळ 'आई' ऐकू येतं, आणि उगाच दचकायला होतं.

तो खोड सोडतो.

आणि पोहतो! लांब हात आळीपाळीनं पाणी कापतात, नाक वर, आंबलेल्या पाल्यानं फुगलेलं पोट तरंगायला कामी येतं. झाडावर होता त्याच्या कितीतरी पट चपळ. होडीवाला वल्हं मारायचं विसरलाय.

ही टेकडी लवकरच चहूबाजूंनी पाण्यात उभी राहील. पुढच्या ऑगस्टात कालवा खुला होईल, शेजारून जहाजं जातील, आणि १९२३ साली हे बेट जंगलाच्या अभ्यासासाठी राखून ठेवतील. नाव बार्रो कोलोरादो, म्हणजे तांबडा चिखल.

त्या चिखलात आत्ता तीन नख्या रुततात. त्याला पायांवर उभं राहता येत नाही. पोट घासत तो एक हात पुढे टाकतो, अंग ओढतो, थांबतो. वरून पुन्हा हाक.