मृतमांसाचा त्याग आणि शाकाहाराचा आग्रह

वर्ध्यालगत नालवाडी येथे 1930 च्या दशकात गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. मृत जनावराचे कातडे कमवावे, हाडामांसाचे खत करावे, मांस मात्र कोणी खाऊ नये, ही त्यामागील गांधीजींची भूमिका. 1936 मध्ये ते स्वतः जवळच्या सेगावी, म्हणजे पुढील सेवाग्रामी, राहावयास आले. मृतमांसत्याग त्यांच्या लेखी गोसेवेचा व शुद्धीचा भाग होता.

हाच त्याग बाबासाहेबांनी मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत मागितला होता. कारण मात्र निराळे होते. मेलेले ढोर ओढणे हे महाराचे गावकाम आणि त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला. ते मांस व उष्टे अन्न नाकारणे म्हणजे गावकीची ताबेदारी नाकारणे होय. अस्पृश्यतेच्या उगमावरील 1948 च्या ग्रंथात त्यांनी मृत गाईच्या मांसभक्षणाचा प्रश्न इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिला. भूमिहीन कुटुंबाला उन्हात वाळवून ठेवलेल्या त्याच मांसाचा टंचाईच्या दिवसांत आधार असे. तो आधार सोडताना आमच्या आज्या-पणज्यांनी काय सोसले असेल, ते ठरावांच्या शब्दांत दिसत नाही.

14 ऑक्टोबर 1956 च्या बावीस प्रतिज्ञांत मद्याचा निषेध आहे, प्राणिमात्रांवर दया आहे. मांसाहाराचा नामोल्लेख नाही. आज वर्षावासात अनेक बौद्ध घरे मांस वर्ज्य करतात. त्यास आमचा विरोध नाही. परंतु मांस खाणारा उपासक हीन ठरविला जाऊ लागला, की तिपिटक उघडणे भाग पडते.

मज्झिमनिकायातील जीवकसुत्तात भिक्खूलाही त्रिकोटिपरिशुद्ध मांस, म्हणजे आपल्यासाठी प्राणी मारल्याचे न पाहिलेले, न ऐकलेले, न संशयिलेले मांस, अनुज्ञात आहे. मत्स्यमांस सर्वस्वी वर्ज्य करावे ही मागणी देवदत्ताची होती; भगवंतांनी ती अमान्य केली, असे चुल्लवग्ग सांगतो. सुत्तनिपातातील आमगंधसुत्त तर दुर्गंधी दुराचाराला म्हणते, मांसाला नव्हे. (मांसाचा व्यापार मात्र उपासकास वर्ज्य आहे, हेही येथेच नमूद करावयास हवे.) सेवाग्रामच्या शुद्धीचा निकष आमच्या विहारात धम्माच्या नावाने शिरत असेल, तर त्यास पालि वाङ्मयाचा आधार नाही.

वैशाख पौर्णिमेला सुजातेच्या स्मरणार्थ विहारात खीर वाटली जाते. त्या पंगतीत तुमच्या घरी काल काय शिजले, असे कोणी विचारीत नाही. वर्षावासात मात्र आम्ही हा प्रश्न विचारलेला ऐकला आहे.